लिंबावर आलेला आळ

लातूरच्या बोअरच्या पाण्यानं भरलेली बादली दोन दिवस तशीच ठेवली की आतून, पाण्याच्या काठाला, एक पांढरी रेघ धरते. आठवड्यानं ती रेघ बोटाला खरखरीत लागते, आणि महिन्यानं नखानं खरवडली तरी निघत नाही. माझं माहेर इस्लापूरच्या बाजूला. तिथं भांडी चुलीनं काळी व्हायची, पाण्यानं पांढरी झालेली मी कधी पाहिली नव्हती. लातूरला आल्यावर पहिले काही दिवस मला वाटायचं, आपल्यालाच नीट घासता येत नाही.

मी काम करायचे ते मुलींचं छोटं हॉस्टेल होतं. एका निवृत्त शिक्षिकेचं घर, वरच्या मजल्यावर चौदा मुली, सगळ्या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला आलेल्या. मालकीणबाई आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या. मी त्यांना बाई म्हणायचे, मुली मॅडम म्हणायच्या आणि मला मावशी. बाथरूमच्या फरशा, नळ, बादल्या, सगळ्यांवर तो पांढरा थर. त्यावर उपाय एकच, ॲसिड. सायकलवर फिनेल विकणारा यायचा, त्याच्याकडून बाटली घ्यायची. आमच्या गावाकडं अजून त्याला तेजाब म्हणतात आणि लेकरांना त्याचं नाव घेऊन भेडसावतात. मी नाकाला पदर बांधून बादलीत थोडं ओतायचे. चर्र आवाज, पांढरा फेस, नाकात झणका. फेस खाली बसला की थर गेलेला. मला त्याचं फार समाधान वाटायचं. जगात कुठलीच गोष्ट इतक्या लवकर स्वच्छ होताना मी पाहिली नव्हती.

"मावशी, लई फेस करून राहिल्या तुम्ही, कपुचिनो निघाली का?" असं मुली जिन्यावरून ओरडायच्या. कपुचिनो म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण मी हसायचे.

बाईंचे माझ्यावर उपकार होते. हा शब्द बाईंना आवडायचा नाही, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. माझे मालक दालमिलमध्ये कामाला होते. पोती रचताना खाली आले आणि पाय दोन ठिकाणी मोडला. महिनाभरात भाड्याची खोली सुटली. मी बाईंकडं तेव्हा फक्त भांड्याला जायचे. त्या दिवशी भांडी घासता घासता रडले असेन, कारण त्यांनी नळ बंद केला आणि विचारलं. संध्याकाळी आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत होतो, पलंगासकट. रात्रीचं पिठलं-भाकरी बाईंनी स्वतः आणून मालकांच्या पुढ्यात ठेवली. तेव्हापासून माझ्या मनात एकच भीती. आपल्या हातून काही चुकेल आणि ही खोली जाईल. गॅसचं बटण मी तीनदा बघायचे. कुलूप लावून परत ओढून बघायचे. कपबशी फुटली तर त्या दिवशी मला जेवण जायचं नाही, आणि बाई म्हणायच्या, "अगं, कप आहे तो. माणूस आहे का?"

माझी शाळा सातवीला सुटली. गावात सातवीपर्यंतच होती हे खरं, पण दुसरं एक कारण आहे आणि ते मी सहसा सांगत नाही. वर्गात मला कळायचं नाही आणि मी कळलं म्हणायचे. गुरुजी विचारायचे, "कळलं का?" आणि मी सगळ्यात आधी मान हलवायचे, म्हणजे पुढं मला कुणी उठवणार नाही. अशी मान हलवत हलवत मी सातवी झाले. ती सवय लातूरलाही सोबत आली.

एकदा बाईंनी मला ॲसिड ओतताना पाहिलं. शिक्षिकेचा स्वभाव, राहवेना. स्वयंपाकघरात बोलावलं, एका वाटीत लिंबाचा रस पिळला आणि त्यात अंड्याचं टरफल टाकलं. टरफलावर बारीक बारीक बुडबुडे आले.

"बघ. बादलीतला थर आणि हे टरफल आतून एकच आहे. त्याला कॅल्शियम कार्बोनेट म्हणतात. खडू तोच, शिंपला तोच, चुनखडी तीच, संगमरवर तोच. आंबट पडलं की त्यातून वायू निघतो. तुला वाटतं फेस येतोय म्हणजे घाण निघतेय. तसं नसतं. फेस येतोय म्हणजे ती वस्तूच चाललीय. कळलं?"

मागं गॅसवर दूध होतं. माझं सगळं ध्यान त्या दुधात. उतू गेलं तर शेगडी खराब, आणि दूध चौदा मुलींचं.

"हाव बाई, कळलं," मी म्हणाले आणि दुधाकडं धावले.

बाईंच्या दिवाणखान्यात लाकडी टेबलावर बुद्धाची संगमरवरी मूर्ती होती. वीतभरापेक्षा थोडी मोठी. बाईंच्या वडिलांनी आणलेली. ते एका शाळेत शिपाई होते, आणि कुठल्याशा लांबच्या प्रवासाहून येताना रेल्वेत दोन रात्री त्यांनी ती मांडीवर धरली होती, खाली ठेवली नाही, असं बाई सांगायच्या. डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठांची कड इतकी बारीक कोरलेली, की सकाळच्या उन्हात ती मूर्ती आता बोलेल असं वाटायचं. मी पहिल्यांदा हात जोडून "देवा" म्हणाले तेव्हा बाई हसल्या. "देव नाही म्हणायचं. माणूसच होता. म्हणून तर मोठा." पौर्णिमेला त्या पांढरी साडी नेसायच्या, फुलं आणि पाण्याची वाटी ठेवायच्या, मुलींपैकी ज्यांना यायचं त्या वंदनेला बसायच्या. मूर्ती फक्त ओल्या फडक्यानं पुसायची, हा त्या घरातला रिवाज होता.

पण फडकं बोअरच्याच पाण्यात बुडवलेलं. वर्षानुवर्षं पुसून मूर्तीच्या मांडीत, हातांच्या खोबणीत, गळ्याच्या वळ्यांत पांढरे ठिपके धरले होते. ते ठिपके माझ्या डोळ्यांत खुपायचे. आमच्याकडं सणाच्या आदल्या दिवशी देव उजळतात. देव्हाऱ्यातले पितळेचे देव परातीत घ्यायचे, चिंचेच्या कोळात भिजवायचे, राखेनं घासायचे. जितकी चिंच आंबट तितके देव लखलखीत. माझी आई म्हणायची, सुनेचा हात देवांच्या चकाकीवरून कळतो. तेवढं एक काम मला घरात सगळ्यांपेक्षा चांगलं यायचं.

वैशाख पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. मुलींची परीक्षाही त्याच आठवड्यात. बाई नांदेडला, विष्णुपुरीला लेकीकडं गेल्या होत्या, संध्याकाळी यायच्या होत्या. मुली शेवटच्या सराव पेपरला गेलेल्या. घरात मी एकटी, मागच्या खोलीत मालक झोपलेले. मला वाटलं, बाईंना द्यायला आपल्याकडं काय आहे? हेच आहे. त्या येतील आणि वडिलांची मूर्ती नव्यासारखी बघतील.

आधी मी चिंच लावणार होते. डब्यात बघितलं तर आमटीपुरतीच उरलेली. मग बाथरूममधल्या बाटलीची आठवण झाली. बादलीचे ठिपके जातात, मग हे का जाणार नाहीत? परातीत मूर्ती ठेवली, ब्रश बुडवला आणि मांडीपासून सुरुवात केली.

चर्र झालं. बादलीपेक्षा मोठं. फेस मूर्तीच्या अंगावरून दुधासारखा उतरायला लागला. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. किती वर्षांचा मळ असेल, असं मी मनात म्हणाले आणि आणखी ओतलं. गळा, हात, शेवटी चेहरा. चेहऱ्यावर मी मुद्दाम जास्त वेळ ठेवलं, कारण तिथं जास्त उजळायला पाहिजे होतं. मग दोन बादल्या पाणी ओतून धुतली. ओली असेपर्यंत छान दिसत होती. फडक्यानं पुसून उन्हात ठेवली आणि कांदा चिरायला गेले.

परत आले तेव्हा मूर्ती वाळली होती. चकाकी सगळी गेलेली. चुना दिलेल्या भिंतीसारखी पांढरीफटक. बोट फिरवलं तर अंगाला खडूसारखी खरखर. आणि ओठांची ती कड पुसट झालेली. उजव्या गालावर, जिथं ब्रश जास्त टेकला होता, तिथं खोल गेल्यासारखं. टरफलाची वाटी तेव्हा आठवली. सगळं आठवलं, बाईंचा शब्द न् शब्द. कानात गेलेलं होतं, फक्त आत उतरलं नव्हतं.

मग जे केलं ते त्याहून वाईट. खोबरेल आणलं आणि मूर्तीला चोळलं. तेलानं पुन्हा ओल्यासारखी चमक आली. मी ती टेबलावर ठेवली आणि बाटली जिन्याखाली, जुन्या पेपरांच्या मागं सरकवली.

बाई संध्याकाळी आल्या. मुली खाली चहाला जमल्या होत्या. बाईंनी चपला काढल्या, मूर्तीपुढं वाकल्या, पायाला हात लावला आणि हाताकडं बघितलं.

"तेल कुणी लावलं गं?"

"मी बाई. पौर्णिमा हाय म्हणून. चमक यावी."

त्यांनी चष्मा लावला, पदरानं तेल पुसलं. एकदा पुसलं, दोनदा पुसलं. मग गालावरून अंगठा फिरवला आणि तसाच ठेवला.

"याला आंबट काय लागलंय?" त्या म्हणाल्या.

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मागच्या खोलीतून मालकांच्या कुबडीचा आवाज आला, आणि माझं तोंड मिटलं.

तेवढ्यात रेणापूरची पोरगी उभी राहिली. रेणापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी, सगळ्यांत अभ्यासू, रोज बाईंसोबत वंदनेला बसणारी.

"मॅडम, माझ्याकडून झालं असेल. काल मी पौर्णिमेसाठी पितळी वाटी घासली ना, लिंबानं. लिंबू ह्याच टेबलावर ठेवलं होतं. हाताला रस तसाच होता आणि त्याच हातानं मूर्ती सरकवली."

"लिंबू?" बाई वळल्या. "संगमरवराजवळ लिंबू? तू? केमिस्ट्रीत पैकीच्या पैकी मार्क घेणारी तू?"

"ध्यानातच आलं नाही, मॅडम."

"काय होतं सांग. म्हणून दाखव सगळ्यांसमोर."

पोरगी म्हणायला लागली. कॅल्शियम कार्बोनेट आणि आम्ल, त्यातून कॅल्शियमचा क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. एक शब्द चुकला नाही. म्हणता म्हणता डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण वाक्य तिनं पुरं केलं.

"पाठ आहे. माहीत आहे. आणि तरी!" बाईंचा आवाज इतका चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. "माझ्या बापाची एवढीच वस्तू होती माझ्याकडं. मार्क मिळवून काय करता गं तुम्ही, हात तर आंधळेच राहिले."

पोरगी वर गेली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या गेल्या. मी चहाचे कप गोळा केले. चौदातले तेरा रिकामे होते, एक भरलेला. जिला सगळं येत होतं तिनं स्वतःला दोषी धरलं, आणि जिला काही येत नव्हतं ती कप विसळत होती.

रात्री तिचं ताट घेऊन वर गेले. ती पुस्तक उघडून बसली होती, पान उलटत नव्हती.

"जेव बाई. परीक्षा तोंडावर हाय."

"मावशी, लिंबानं एवढं होतं का हो?" तिनं विचारलं. "मी विचार करतेय. रस किती होता हाताला... पण रात्रभर राहिला असेल तर होईल. होईल ना?"

ती मला विचारत होती. सातवी शिकलेल्या मला. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं. जेव आधी." ताट ठेवलं आणि खाली आले.

पौर्णिमेला ती वंदनेला खाली आली नाही. परीक्षा दिली, बॅग भरली, बाईंच्या पाया पडली आणि गेली. निकालात तिचं झालं नाही. चौदापैकी बऱ्याच जणींचं होत नाही, हे मला माहीत आहे, आणि तिचं त्या एका संध्याकाळमुळं झालं नाही असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण नाहीच असंही कुणी म्हणू शकत नाही. बाईंनी नंतर एकदा भाजी निवडताना म्हटलं, "फार बोलले मी त्या लेकराला." मी मेथीच्या काड्या मोडत राहिले.

दीड वर्ष मी त्या मूर्तीवरची धूळ झटकली. चेहऱ्याकडं न बघता. मालकांचा पाय सुधारला, ते दुसऱ्या दालमिलमध्ये वॉचमन म्हणून लागले, राहायला एक खोलीही मिळाली. तिकडं बाईंचे गुडघे गेले आणि लेकीनं हट्ट धरला. हॉस्टेल बंद करून बाई नांदेडला जायला निघाल्या. सामान बांधायला मीच होते. जुन्या मऊ लुगड्यात मूर्ती गुंडाळायची होती. बाईंनी ती माझ्या हातात दिली, आणि मी सांगून टाकलं. सगळं सांगितलं. बाटली, ब्रश, चिंच संपलेली, खोबरेल.

एक गोष्ट मी स्वतःशी कबूल करते. तेव्हा माझी खोली जाणार नव्हती. घालवून द्यायला बाईंकडं घरच राहणार नव्हतं. जेव्हा सांगून माझं काहीच जाणार नव्हतं, तेव्हा मी सांगितलं.

बाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ मूर्तीच्या ओठांकडं बघत होत्या.

"लिंबाच्या बोटानं एक डाग पडतो," त्या म्हणाल्या. "अख्खा चेहरा जात नाही. तीस वर्षं शिकवलं मी हे. रागात बघितलंच नाही." मग माझ्याकडं वळल्या. "तुला विचारलं होतं मी, कळलं का म्हणून."

"हाव."

"नाही म्हणाली असतीस तर मी परत सांगितलं असतं गं. दहा वेळा सांगितलं असतं. मला दुसरं येतं काय?"

मी पाय धरायला वाकले. त्यांनी खांद्याला धरून उठवलं, जरा जोरानंच. "माझे कशाला धरतेस? मूर्ती दगडाची आहे, मला त्याचं दुःख होतं, आता सवय झाली. त्या पोरीला सांग." आणि त्यांनी स्वतःच मोबाइलमध्ये नंबर शोधून लावला. आधी त्या बोलल्या. माझं चुकलं बेटा, तुझ्यावर उगाच आळ घेतला, असं दोन-तीनदा म्हणाल्या. मोठ्या वयाची शिक्षिका, विद्यार्थिनीला. मग फोन माझ्या हातात दिला.

ती आता फार्मसीला होती. मागं मुलींचा गलका ऐकू येत होता.

"मावशी? बोला ना."

मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "पाणी किती घातलं होतं ॲसिडमध्ये?"

"न्हाई घातलं. तसंच ओतलं."

"हं. मी हिशेब करायचे, मावशी. लिंबात किती आम्ल असतं, हाताला किती रस राहिला असेल. जुळायचाच नाही. मला वाटायचं, मलाच केमिस्ट्री येत नाही. आणि मी घरी बुद्धासमोर बसणं सोडलं. आई विचारायची, काय सांगणार?"

मागं कुणीतरी तिला हाक मारली.

"प्रॅक्टिकल आहे. ठेवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"प्रॅक्टिकल हाय म्हणाली."

बाईंनी मान हलवली आणि लुगड्याची घडी मूर्तीच्या चेहऱ्यावर ओढली. गाडी आली. मूर्ती त्यांनी सामानात ठेवू दिली नाही, मांडीवर घेतली. जाताना मला जवळ घेतलं, नांदेडला ये म्हणाल्या, आणि गावी जाताना मी उतरतेही त्यांच्याकडं. त्या अजून मला काही ना काही शिकवतात. हे लिहिलेलं त्यांनीच शुद्ध करून दिलंय. आता मी कळलं नाही असं म्हणते. सुरुवातीला जीभ अडखळायची.

त्या दिवशी गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी रिकाम्या घराचं दार ओढून घेत होते, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फोनवर मी त्या पोरीला काय केलं, कसं केलं, सगळं सांगितलं होतं. मला माफ कर, एवढं म्हणायचं राहिलं होतं. त्यानंतर तीनदा नंबर लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, ती म्हणाली, "बोला मावशी, पण लवकर," आणि मी म्हणाले, "काही न्हाई गं, सहज. बरी हायेस ना?"